दोनचा पाठिंबा

ब्रिज खेळताना तोंडानं बोलायचं नसतं, म्हणून मला हा खेळ आवडला. चार माणसं टेबलाभोवती बसतात, समोरासमोरची दोघं एकमेकांचे पार्टनर, आणि तीन-साडेतीन तास कोणी कोणाच्या तब्येतीची चौकशी करत नाही. मी चौतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. कोथरूडला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. एकटा माणूस दिसला की लोकांना दोनच प्रश्न सुचतात, जेवणाचं काय करता आणि वेळ कसा जातो. जेवणाचा डबा येतो. वेळ ब्रिजमध्ये जायचा.

आमचा क्लब म्हणजे दुसऱ्या एका सोसायटीचा हॉल. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चार ते साडेसात. भिंतीवर पाटी होती : 'चहाचे कप जागेवर ठेवावेत. सांगण्याची वेळ आणू नये.' आठवड्यातले हे साडेदहा तास सोडले तर मी बोलायचो ते डबा आणणाऱ्या बाईंशी, आणि तेही आमटीत मीठ जास्त झालं असेल तरच.

थोडं खेळाबद्दल सांगायला हवं, कारण माझी सगळी गोष्ट एका बोलीत अडकली आहे. प्रत्येकाला तेरा पानं मिळतात. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. बोली बोलायची म्हणजे शेजारच्या पेटीतून छापील पत्ता काढून टेबलावर ठेवायचा. पार्टनरनं 'एक इस्पिक' असा पत्ता ठेवला, की तो तुम्हाला सांगतो, माझ्याकडे निदान बारा गुण आहेत आणि इस्पिकची पाच पानं आहेत. तुमच्याकडे इस्पिक बरे असतील तर तुम्ही त्याला पाठिंबा द्यायचा. किती द्यायचा, एवढाच प्रश्न. सहा ते नऊ गुण असतील तर 'दोन इस्पिक'. दहा-अकरा गुण आणि चार इस्पिक असतील तर 'तीन'. 'दोन' म्हणजे, ऐकलं तुमचं, पण फार पुढं जाऊ नका. 'तीन' म्हणजे, माझ्याकडेही आहे, तुमच्याकडे बारापेक्षा थोडं जास्त असेल तर चला चारवर. चारची बोली बोलून दहा हात केलेत तर मोठं बक्षीस असतं. दोनवर थांबून तेच दहा हात केलेत तर कोणी विचारत नाही. आणि तीच पानं दिवसभरात सगळ्या टेबलांवर फिरतात, त्यामुळे इतरांनी काय केलं आणि तुम्ही काय केलं, हे झाकून राहत नाही.

आणखी एक रीत आहे. ज्याची बोली ठरते तो खेळतो, आणि त्याचा पार्टनर आपली तेराही पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो. म्हणजे पाठिंबा देताना तुम्ही काय हातचं राखलं होतं, ते मिनिटभरात चौघांना दिसतं. खेळणारा त्या पानांकडे बघतो आणि म्हणतो, 'थँक यू, पार्टनर.' पानं कशीही निघोत, हे म्हणायचंच.

माझे पहिले पार्टनर आमच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. एकोणीस वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. एकाच शाळेत शिकलेलो, एकाच गल्लीत वाढलेलो, आमची आडनावं एकाच लग्नपत्रिकेत शोभली असती. माणूस उतावळा होता. पानं उचलली की त्याला बोलायची घाई. तरी आमचं जमायचं. तो 'एक इस्पिक' म्हणाला की मी माझे गुण मोजायचो, दहा असले की 'तीन'चा पत्ता काढायचो. त्याच्या पानांचा विचार मी कधी केलाच नाही. तो गेला तेव्हा मला रडू आलं नाही, पण नंतर सहा महिने मी क्लबात गेलो नाही. आम्ही खेळलेला प्रत्येक डाव मी वहीत उतरवलेला आहे. संख्याशास्त्राचा माणूस दुःख तसं करतो.

मग क्लबनं मला नवे पार्टनर गाठून दिले. लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले, धायरीला राहणारे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मी त्यांना 'साहेब' म्हणायचो आणि ते मला 'सर'. पहिल्याच दिवशी चहा पिताना मी विचारलं, "मूळचे कुठले आपण?"

त्यांनी कप खाली ठेवला. "गाव सांगू की जात? गाव सातारा जिल्ह्यात. आम्ही बौद्ध."

"अहो, तसं नाही," मी म्हणालो. "मी असलं काही मानत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या डावाची पानं उचलली.

तीन वर्षं आम्ही खेळलो. खेळ संपला की ते मला स्कूटरवरून घरी सोडायचे. त्यांना धायरीला जायला ही वाट उलटी पडायची, पण माझा गुडघा दुखतो हे एकदा कळल्यावर त्यांनी विचारलंच नाही, स्कूटर समोर आणून उभी केली. पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी दुसरं हेल्मेट घेऊन आले. पुण्यात स्वतःसाठी हेल्मेट घेताना माणूस कोर्टाला शिव्या घालतो, यांनी दुसऱ्यासाठी घेतलं. गेटपाशी उतरल्यावर मी म्हणायचो, "वर येता का?" हे म्हणताना माझा एक पाय जिन्याच्या पायरीवर असायचा. अशा प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं ते पुण्यात राहणाऱ्याला कळतं. ते म्हणायचे, "नको, उशीर होईल." त्यांनी मला धायरीला जेवायला चार वेळा बोलावलं. मी चारही वेळा म्हणालो की लांब पडतं.

वाटेत ते त्यांच्या नोकरीतल्या गमती सांगायचे. लेखापरीक्षकाला एखादी गोष्ट खटकली की तो कागद उभा दुमडतो, डाव्या अर्ध्यात आक्षेप लिहितो आणि उजवा अर्धा उत्तरासाठी कोरा सोडतो. याला अर्धसमास म्हणतात. उत्तर पटलं तर आक्षेपाचा परिच्छेद निकाली, नाही पटलं तर पुन्हा लिहा. "काही परिच्छेद वीस-वीस वर्षं चालतात, सर," सिग्नलला थांबल्यावर मान वळवून ते सांगायचे. "लिहिणारा निवृत्त, उत्तर देणारा निवृत्त, तरी दर वर्षी पत्र जातंच. एका खात्यातल्या हेडक्लार्कशी माझा असा बारा वर्षं पत्रव्यवहार होता. कधी भेटलो नाही. त्याच्या अक्षरावरून मला कळायचं, यंदा तब्येत बरी नाही." मागे बसून मी हसायचो. सबंध आठवड्यात मी मोठ्यानं हसायचो ते त्या स्कूटरवर.

तर एका शनिवारची गोष्ट. विरुद्ध जोडीत एक तिशीतली मुलगी होती, हिंजवडीला कंपनीत काम करणारी, फक्त शनिवारी यायची आणि लॅपटॉपची बॅग पायाशी घेऊन बसायची. खेळात नवी होती, पण चौकस. साहेबांनी 'एक इस्पिक'चा पत्ता ठेवला. माझ्याकडे इस्पिकचा राजा धरून चार इस्पिक, चौकटचा एक्का, किलवरचा राजा, बदामचा गुलाम. अकरा गुण. मी 'दोन'चा पत्ता काढला. पुढं कोणी बोललं नाही. मी पानं मांडली. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ.

"थँक यू, पार्टनर," ते म्हणाले.

त्यांनी अकरा हात केले. त्यांच्याकडे चौदा गुण होते. मी तीन म्हणालो असतो तर ते चारवर गेले असते, इतर सगळ्या टेबलांवर तेच झालं होतं. आम्हाला त्या डावात शून्य.

"सर, सॉरी हं," ती मुलगी म्हणाली, "पण इलेव्हन पॉइंट्स, चार ट्रम्प्स, मग तीन का नाही केलंत? मला जस्ट शिकायचंय म्हणून विचारतेय."

मला असे प्रश्न आवडत नाहीत. मी फटकन म्हणालो, "यांच्या ओपनिंगचा भरवसा नसतो."

मी हे त्यांच्यासमोर म्हणालो. ते गुण लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पेन्सिल खिशाला लावली आणि पुढचा डाव उचलला. पुढचे सगळे डाव ते नेहमीसारखेच खेळले.

त्या दिवशीही त्यांनी मला घरी सोडलं. गेटपाशी मी हेल्मेट काढून दिलं तेव्हा म्हणाले, "तुमच्या जुन्या वह्या आहेत ना, पहिल्या पार्टनरबरोबरच्या? शेवटची वही वाचायला द्याल? आणि आपलीही. भरवसा कसा बसतो ते बघावं म्हणतो."

मला टोमणा कळला नाही असं नाही. पण माझ्या वह्या कोणी मागेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मी वर गेलो, दोन्ही वह्या काढल्या, पुसल्या आणि खाली आणून दिल्या. त्यांना वर बोलावलं असतं तर चाललं असतं. ते खाली स्कूटरपाशी उभे होते.

पुढच्या शनिवारी खेळ सुरू होण्याआधी त्यांनी मला वह्या परत दिल्या आणि वर एक खाकी पाकीट. वह्यांमध्ये काही डावांपुढं हिरव्या पेन्सिलीची बारीक खूण होती. पाकिटात उभा दुमडलेला एक कागद. डावीकडे नेटक्या अक्षरात लिहिलं होतं :

'विषय : जोडीदाराच्या इस्पिक अथवा बदामच्या सुरुवातीच्या बोलीस द्यावयाच्या पाठिंब्याबाबत.

दोन्ही वह्यांच्या तपासणीत, आपणाकडे दहा वा अकरा गुण व चार हुकूम असलेले डाव निवडण्यात आले. पूर्वीच्या जोडीदारासमवेत असे तेवीस डाव, पैकी एकवीस वेळा तीनचा पाठिंबा. विद्यमान जोडीदारासमवेत एकोणीस डाव, पैकी चार वेळा तीनचा, पंधरा वेळा दोनचा. पाने समान असता पाठिंब्यात तफावत का, याची कारणे नमूद करून खुलासा करावा.'

उजवा अर्धा कोरा होता.

मी आधी हसलो. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. त्या दिवशी मी कसा खेळलो ते आठवत नाही. घरी येऊन उत्तर लिहायला बसलो तेव्हा मी चांगलाच तापलो होतो. आयुष्यभर दुसऱ्यांना आकडे कसे वाचावेत ते शिकवलं, आणि हे मला आकडे दाखवणार! मी लिहिलं की नमुना लहान आहे, परिस्थिती भिन्न आहे, आणि पूर्वीचे जोडीदार भक्कम पानांवरच सुरुवात करीत असल्याने त्यांना मोठा पाठिंबा देणे योग्यच होते. खाली सही ठोकली. मंगळवारी ते पाकीट त्यांच्यापुढं ठेवताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी उत्तर आलं. 'वह्यांतून उतरवून घेतलेल्या नोंदींवरून दोन्ही जोडीदारांच्या सुरुवातीच्या बोलींची तपासणी केली. पूर्वीच्या जोडीदाराने बारापेक्षा कमी गुणांवर नऊ वेळा सुरुवात केली, पैकी दोनदा दहावर. विद्यमान जोडीदाराने एकदाही नाही. सबब उत्तर अमान्य. फेरउत्तर सादर करावे.' सोबत नवा दुमडलेला कागद, उजवी बाजू कोरी.

मी तो वाचला आणि माझा आवाज चढला. हॉलमध्ये माणसं टेबलं लावत होती. "साहेब, हे काय चालवलंय तुम्ही? पत्त्यांच्या खेळात जात कुठून आणली?"

त्यांनी हातातली पानं टेबलावर ठेवली.

"सर, तो शब्द मी कुठं लिहिलाय?" ते म्हणाले.

लिहिला नव्हता. दोन्ही कागदांत कुठंही नव्हता. तो मी आणला होता. हॉलमध्ये सगळे एकदम आपापल्या खुर्च्या सरळ करायला लागले.

"उत्तर आलं की खेळू," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हेल्मेटं उचलली आणि गेले.

मी रिक्षानं घरी आलो. माझी खात्री होती की शनिवारी ते येतील. शनिवारी ते आले आणि त्या हिंजवडीच्या मुलीसमोर बसले. तिच्या पार्टनरची बदली झाली होती म्हणे. मी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'मंगळवारी पार्टनर हवा आहे.' दोघांनी अंगठा दाखवला. आला कोणी नाही. क्लबात जोडीशिवाय जाणाऱ्याला सुटा म्हणतात. मी तीन आठवडे सुटा म्हणून गेलो, भिंतीपाशी बसून चहा प्यायलो, कप जागेवर ठेवला आणि परत आलो. चौथ्या आठवड्यात गेलो नाही.

त्यानंतरचे चार महिने कसे गेले ते नीट सांगता येणार नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. दुपारचे चार वाजले की मी शर्ट बदलायचो. कुठं जायचं नसतानाही बदलायचो. मग गॅलरीत उभा राहायचो. खाली गेटपाशी कुरिअरवाले, शाळेची व्हॅन, साडेपाचला जिन्यातून उतरणारं शेजाऱ्यांचं कुत्रं. स्कूटर थांबल्याचा आवाज आला की मी वाकून बघायचो. मला एकटं राहण्याची सवय होती, त्याचा थोडा माजही होता. पण तो माज आठवड्यातल्या साडेदहा तासांवर उभा होता हे मला माहीत नव्हतं. एकदा डबा आणणाऱ्या बाईंना मी विचारलं, "बसता का दोन मिनिटं?" त्या घाबरून म्हणाल्या, "काय झालं, काका? भाजी बिघडली का?"

तो कागद टेबलावर पेपरवेटखाली होता. रोज मी त्याला उत्तर रचायचो. नमुना लहान नव्हता, ते मीच माझ्या विद्यार्थ्यांना शिकवलं असतं. पहिले पार्टनर भक्कम नव्हते, ते वहीत माझ्याच अक्षरात होतं. शैली, स्वभाव, सवय, असे शब्द मी कच्च्या कागदावर लिहायचो आणि खोडायचो. मी कोणाचा अपमान केला नव्हता. त्यांच्याबरोबर चहा प्यायलो होतो, त्यांच्या स्कूटरवर बसलो होतो. मी मानत नाही, हे मी त्या रिकाम्या घरात अनेकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

मग मी फोनवर ब्रिजचं ॲप घेतलं. त्यात समोर माणूस नसतो. पार्टनर यंत्र, विरोधक यंत्र. चहा नाही, थँक यू नाही. दिवसाला तीस-तीस डाव खेळायला लागलो. एका दुपारी यंत्रानं 'एक बदाम' म्हणून सुरुवात केली. माझ्याकडे चार बदाम आणि बरोबर दहा गुण. माझं बोट गेलं आणि 'तीन'वर टेकलं. यंत्र चारवर गेलं, दहा हात झाले, स्क्रीनवर हिरवी खूण उमटली.

मी फोन खाली ठेवला. बोट तीनवर जाताना मी थांबलो नव्हतो. यंत्रानं बारा सांगितले आणि मी बारा धरले. ते यंत्र कुठलं, कोणी केलं, त्याला मी किती ओळखतो, असं काही माझ्या मनात आलं नव्हतं. आणि जो माणूस तीन वर्षं माझ्यासमोर बसला, ज्यानं एकदाही बारा नसताना बारा सांगितले नाहीत, त्यानं बारा सांगितले की मी दहा धरायचो. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. हिशेब आतल्या आत व्हायचा आणि पत्ता काढणारा हात पेटीतल्या दोनवर जायचा. मला लाज वाटली. माणसासमोर वाटते ती लाज लवकर जाते, ही खोलीत एकट्यानं बसून वाटलेली होती.

संध्याकाळी मी तो कागद पेपरवेटखालून काढला आणि उजव्या अर्ध्यात लिहिलं :

'आक्षेप मान्य. पानांत फरक नव्हता, बोलींत फरक नव्हता. जोडीदाराने बारा सांगितले की मी दोन कमी धरीत होतो. पूर्वीच्या जोडीदाराचे दहाही बारा धरीत होतो. कारण : जात. मी ती मानत नाही असे सांगत आलो. पंधरा डावांत मानली आहे. वह्यांत नसलेले प्रसंगही आहेत, चार वेळा धायरी लांब पडली, आणि मी आपणास एकदाही मनापासून वर बोलावले नाही. खुलासा याहून अधिक नाही.'

त्या ओळींमधला तो एक शब्द लिहायला मला चार महिने लागले होते. खालच्या दुकानात जाऊन मी एक झेरॉक्स काढली, का ते मलाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं स्वारगेट आणि तिथून दुसऱ्या बसनं धायरी. जेमतेम दीड तास. फार लांब नव्हतंच.

त्यांचं घर तळमजल्यावर होतं. दार त्यांनीच उघडलं. आश्चर्य दाखवलं नाही, फक्त म्हणाले, "या सर, चप्पल राहू दे." समोरच्या भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली पुस्तकांचं कपाट, दारामागं खुंटीला दोन हेल्मेटं. मला खुर्चीत बसवून ते आत गेले आणि स्वतः चहा करून आणला. मी पाकीट दिलं. त्यांनी चष्मा लावला.

ते वाचत होते तेवढा वेळ मी हेल्मेटाकडे बघत होतो. मला तेवढंच हवं होतं, की वाचून झाल्यावर त्यांनी ते खुंटीवरून काढावं आणि म्हणावं, शनिवारी चारला. एवढ्यासाठी मी आलो होतो. उत्तर खरं होतं, पण मी ते एवढ्यासाठी लिहिलं होतं.

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून डोळ्यांवरून हात फिरवला. मग खिशातली हिरवी पेन्सिल काढून खाली काहीतरी लिहिलं, सही केली आणि कागद माझ्यापुढं धरला.

'उत्तर समाधानकारक. परिच्छेद निकाली काढण्यात येत आहे.'

"असं उत्तर मला नोकरीत कोणी दिलं नाही, सर," ते म्हणाले. "लोक जागा बदलतात, कागद हरवतात. तुम्ही लिहिलंत."

मी म्हणालो, "मग शनिवारी?"

त्यांनी माझ्या कपाकडे पाहिलं. "शनिवारी मला पार्टनर आहे, सर."

"मंगळवारी?"

"ती आता मंगळवारीही येते. गुरुवारीही. कंपनीत सांगून लवकर निघते." मग म्हणाले, "शिकतेय अजून. चुका करते. पण मी एक इस्पिक म्हणालो ना, की स्वतःची पानं बघते आणि बोलते. मला आता तेवढंच हवंय हो. या वयात मला पुन्हा पुन्हा सिद्ध करत बसायचं नाही."

मी म्हणालो, बरोबर आहे. आणि ते बरोबरच होतं. चहा संपवला. चांगला होता, साखर माझ्या अंदाजाची, त्यांना लक्षात होतं.

ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. दारामागचं हेल्मेट त्यांनी काढून दिलं. मी ते घातलं आणि पट्टा लावायला गेलो, तर तो हनुवटीखाली पुरेना. कोणीतरी लहान चेहऱ्याच्या माणसानं तो आवळून घेतला होता. मी तो सैल केला नाही. बसस्टॉप येईपर्यंत एका हातानं हेल्मेट धरून बसलो. उतरल्यावर ते म्हणाले, "येत जा, सर." ते मनापासून म्हणत होते, त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते. मी म्हणालो, येईन. पण कशाला जायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

आता मी गुरुवारी क्लबात जातो. सुटा म्हणून बसतो, कोणी आजारी असेल तर खेळतो. ज्याच्यासमोर बसवतील त्याच्या बाराला बारा धरतो. साहेब लांबच्या टेबलावरून मान हलवतात, मीही हलवतो. झेरॉक्स माझ्याकडे पेपरवेटखाली आहे. अक्षर माझं, हिरवी सही तेवढी तिच्यावर नाही, ती मूळ कागदावर, धायरीला. कधी दुपारी मी ती काढून वाचतो. उत्तर पूर्ण आहे, त्यात एक शब्द इकडचा तिकडं करण्यासारखा नाही. आणि मग त्यांचा तो हेडक्लार्क आठवतो, ज्याला बारा वर्षं पत्रं जात राहिली. एखादी ओळ मी अपुरी ठेवली असती, तर त्यांनी मलाही लिहिलं असतं.